माजी होण्याचे नव्वद दिवस

माणसाला मोठं व्हायचं असतं, नामवंत व्हायचं असतं, हे उत्तराबाई समजू शकत होत्या. आपल्या नवऱ्याला एकोणऐंशीव्या वर्षी ‘माजी’ व्हायचंय, हे मात्र त्यांना डिसेंबरातल्या एका सकाळी पोह्यांवर झाकण ठेवता ठेवता कळलं.

“नव्वद दिवस फक्त,” गुरुदत्त खासनीस म्हणाले. “बारा जानेवारी ते अकरा एप्रिल. मी ऋताकडे, मिशिगनला नोव्हायला जाऊन राहतो. परत येईन तेव्हा मी ऑफिशियली माजी.”

“कशाचे माजी?”

“या गावचा माजी रहिवासी.”

“आणि परत आल्यावर?”

“परत आलो तरी एकदा झालो ना माजी! नियमात तसं कुठे लिहिलंय, की माजी माणसाने परत येऊ नये?”

उत्तराबाईंनी पोह्यांवरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. सत्तेचाळीस वर्षं एका इंजिनियरबरोबर संसार केल्यावर बाईला एक कळून चुकतं, की वेडेपणाला जेव्हा नियम सापडतो तेव्हा मध्ये पडू नये.

हे सगळं सुरू झालं ते लॉइस व्हँडरव्हीन या बाईंमुळे. वेस्ट विंडसरच्या पलीकडे, जंक्शनवरून न्यूयॉर्कची गाडी पकडणाऱ्यांच्या वस्तीला लागून न्यू एल्डरशम नावाचं टाउनशिप आहे. त्याच्या इतिहास समितीच्या लॉइसबाई अध्यक्ष. वय ब्याऐंशी, कणा ताठ, केस पांढरेशुभ्र. ज्याच्यावरून हे नाव पडलं ते मूळ एल्डरशम इंग्लंडात आहे. लॉइसबाई तिथे जाऊन आल्या आणि बिघडून आल्या. तिथे म्हणे घराघरावर गोल निळ्या पाट्या. इथे अमुक आरमारप्रमुख जन्मला. इथे तमुक शास्त्रज्ञ राहिला. इथे एक कवी दोन आठवडे सर्दीने आजारी होता. गावाच्या पुस्तिकेत चाळीस पानं भरून ऐतिहासिक इमारती आणि त्यांतले नामवंत माजी रहिवासी.

आपल्या गावाची अशी पुस्तिका हवीच, असं लॉइसबाईंनी मनात घेतलं. त्यात देशाला अडीचशे वर्षं पूर्ण होणार, म्हणजे चार जुलैला प्रकाशन हे ओघानंच आलं. अडचण एवढीच होती, की न्यू एल्डरशममध्ये ऐतिहासिक म्हणाव्यात अशा इमारती तीन. एक जुनं टोलघर, जिथे आता म्युझियम आहे. एक दारूचा गुत्ता, जिथे एका सेनापतीचा घोडा पाणी प्यायला होता असं म्हणतात. घोड्याने तसं लिहून ठेवलेलं नाही. आणि एक पिठाची गिरणी, जिच्यात सध्या योगाचे क्लास चालतात. तीन पानांची पुस्तिका इंग्लंडला पाठवणार कशी? म्हणून समितीने गावाला आवाहन केलं: आपलं घर पन्नास वर्षांहून जुनं असेल आणि त्यात कोणी नामवंत माणूस राहून गेला असेल, तर अर्ज करा. एका पानावर एक घर आणि एक माजी रहिवासी. दोन्हीपैकी एक असून चालणार नाही. माजी म्हणजे वारलेला, किंवा किमान नव्वद दिवस गावाबाहेर राहायला गेलेला.

खासनिसांचं घर १९५८ सालचं होतं. घराची चिंता मिटली. वारण्याचा पर्याय गुरुदत्तरावांनी विचारात घेतला नाही.

राहता राहिला नामवंतपणा. तर १९७८ साली गुरुदत्तराव एका टेलिफोन कंपनीत होते. पे-फोनमध्ये नाणं टाकलं आणि फोन लागला नाही, की नाणं खाली परत यायचं. ते ज्या झडपेतून यायचं, त्या झडपेच्या स्प्रिंगचं पेटंट आहे. पेटंटवर पाच नावं आहेत. गुरुदत्तरावांचं चौथं. पाचवा माणूस कोण होता हे त्यांना आठवत नाही, आणि पहिल्या तिघांबद्दल ते बोलत नाहीत.

अर्ज तेवीस पानांचा झाला. टाइप केला तीन घरं सोडून राहणाऱ्या नेत्राने. नेत्रा नागपूरची, एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर, मराठी मंडळाची चिटणीस आणि गावातल्या सगळ्या काका-काकूंची बिनपगारी मदतनीस.

“काका, हा फोटो कशाला जोडायचा पण?” तिने विचारलं होतं. फोटोत गुरुदत्तराव शाल पांघरून, हातात नारळ धरून उभे होते. मंडळाने पंचाहत्तरीला केलेला सत्कार.

“नामवंत असल्याचा पुरावा.”

“अहो पण त्यांना काय कळणार, माणसाला कोकोनट का दिलाय ते?”

“खाली लिही, ‘हायेस्ट कम्युनिटी ऑनर’.”

नेत्राने निमूटपणे लिहिलं. त्याच वर्षी तोच नारळ मंडळाने आणखी अकरा जणांना दिला होता, हे तिला ठाऊक होतं. यादी तिनेच केली होती.

उत्तराबाई या सगळ्याकडे स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांचं आयुष्यच त्या दारातून बघण्यात गेलं होतं, आणि दाराच्या आतल्या बाजूला जे होतं, तेच तर त्यांचं खरं दुःख. फिरोजी रंगाचा, भिंतीत बसवलेला ओव्हन. तसल्याच रंगाची पत्र्याची कपाटं. ओट्यावर सनमायक्यासारखं काहीतरी, त्यावर वेडेवाकडे त्रिकोण. विजेच्या चार शेगड्या. त्यांतली एक २००४ साली वारली, दुसरीला फक्त जाळायचंच येतं, तिसरी कलती, आणि चौथीवर संसार. भांडी घासायचं सिंक इतकं उथळ, की कुकर त्यात मावत नाही, वर येऊन बसतो. धूर ओढणारा पंखा फोडणी बघून नुसता खोकतो. १९७९ साली घर घेतलं तेव्हा उत्तराबाई म्हणाल्या होत्या, “हे बदलून घेऊ.” गुरुदत्तराव म्हणाले होते, “चालतंय ना? मग?”

सत्तेचाळीस वर्षं तेच उत्तर. चालतंय ना. ओव्हनचं दार सुटलं तेव्हा त्यांनी त्याला स्प्रिंग लावून दिली, पेटंटवाल्या स्प्रिंगची चुलतबहीण. “अठ्ठावन्न सालचा ओव्हन आहे, अजून तापतो,” असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

“मी बावन्न सालची आहे,” उत्तराबाई म्हणत, “मीही तापते.”

तापल्या, की त्या शेगडीच्या डावीकडचा तिसरा ड्रॉवर आपटत. पत्र्याचा ड्रॉवर, आत उलथनी-झारे. आवाज तळघरापर्यंत जाई. घरात त्याचा अर्थ ठरून गेला होता. एकदा आपटला तर चहा मिळणार नाही. दोनदा आपटला तर विषय संपला. तीनदा एकदाच आपटला गेला होता, १९९१ साली, आणि त्याबद्दल या घरात बोलत नाहीत.

तर, नवरा नव्वद दिवस नाही. येऊ शकत नाही, कारण एक दिवस जरी गावात पाऊल पडलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उत्तराबाईंनी हा हिशेब पोहे खाऊन होईपर्यंत पुरा केला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, “जा तुम्ही. स्वेटर मी काढून ठेवते.”

“तू नाही येणार?”

“मी आले तर कढीलिंबाला पाणी कोण घालणार? आणि दोघंही माजी झालो, तर घरात आजी कोण राहणार?”

गुरुदत्तरावांना बायकोचा हा पाठिंबा पाहून भरून आलं. तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

बारा जानेवारीला ते लेकीकडे मिशिगनला गेले. जानेवारीत शहाणा माणूस मिशिगनहून निघतो. हे तिकडे चालले होते. तेरा तारखेला दुपारी नेत्रा कृष्णाला घेऊन आली. कृष्णा किचनची कामं करायचा. मूळ गुंटूरचा, एडिसनला दुकान, आणि निम्म्या मंडळाची स्वयंपाकघरं त्यानेच उभी केलेली. तो आत आला, सगळीकडे पाहिलं, आणि देवळात आल्यासारखा गप्प उभा राहिला.

“आँटी,” तो शेवटी म्हणाला, “ये तो मेरे फादर से भी पुराना है.”

गॅसच्या पाच शेगड्या, ज्वाळ दिसेल अशा. कुकर बुडेल असं सिंक. फोडणीच्या धुराला मुंडी धरून घराबाहेर काढेल असा पंखा. सगळं ठरलं. सामान यायला दोन महिने लागणार, म्हणून तोडफोडीची तारीख पडली सतरा मार्च, मंगळवार. दोन दिवसांनी पाडवा.

“काकांना सांगितलंय ना, काकू?” नेत्राने विचारलं.

“त्यांना आत्ता डिस्टर्ब नको करायला. माजी व्हायचं काम नाजूक असतं.”

तिकडे नोव्हायमध्ये गुरुदत्तरावांनी दुसऱ्याच दिवशी तिथल्या लायब्ररीचं कार्ड काढलं, तिथे राहत असल्याचा पुरावा म्हणून. तिसऱ्या दिवशी डिशवॉशरमधल्या ताटल्या कशा लावाव्यात यावर जावयाचं बौद्धिक घेतलं. जावई मोटारी बनवणाऱ्या कंपनीत मोठा इंजिनियर होता. ताटल्यांचं त्याला नव्याने शिकावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात ऋताचा फोन आला.

“आई, किती दिवस झाले गं?”

“एकोणीस.”

“फक्त?” ऋताच्या आवाजात पाणी होतं. मागून नात आन्या ओरडली, “आजी, आजोबा फिक्स्ड अवर टोस्टर! इट वॉजन्ट ब्रोकन!”

“आता चालतो का गं टोस्टर?” उत्तराबाईंनी विचारलं.

“नो.”

उत्तराबाईंनी लेकीला धीर दिला. आपण सत्तेचाळीस वर्षं काढली, तिला अजून एकाहत्तर दिवस काढायचे होते.

सोळा मार्चला, म्हणजे चौसष्टाव्या दिवशी, सकाळी दारात लॉइसबाई उभ्या. हातात गुरुदत्तरावांचा तेवीस पानी अर्ज. अर्ज आलेलं प्रत्येक घर बघायला त्या स्वतः जायच्या.

“गुरूच्या अर्जाबद्दल,” त्या सोफ्यावर टेकत म्हणाल्या, “तुझ्याशी मोकळं बोलते, उत्तरा. समिती जरा साशंक आहे. स्प्रिंग चांगलीच असणार. पण पाच जणांत चौथा... आणि त्या नारळाचं आम्हाला नीट कळलं नाही.”

“तो मानाचा असतो,” उत्तराबाई म्हणाल्या. नवऱ्याची थट्टा करायचा हक्क त्यांनी अजून गावाला दिलेला नव्हता. “चहा घेणार ना?”

लॉइसबाई त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या, आणि दारातच त्यांनी छातीवर हात ठेवला.

उत्तराबाईंना वाटलं, बाईला काही झालं. त्यांनी पटकन स्टूल पुढे केलं. पण लॉइसबाई बसल्या नाहीत. त्या ओव्हनपाशी गेल्या, त्याच्यावरून हात फिरवला. कपाटाचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ओट्यावरच्या त्रिकोणांवर बोट फिरवलं. हळदीच्या पिवळ्या डागापाशी बोट थांबलं.

“हे असंच होतं? मूळचं?”

“असंच आहे,” उत्तराबाई म्हणाल्या. आयुष्यात इतकं खरं वाक्य त्या आजवर बोलल्या नव्हत्या.

“काहीच बदललं नाही? एवढ्या वर्षांत?”

“काहीच नाही.”

“तुम्ही किती जपलंत!” लॉइसबाईंचे डोळे भरून आले. “अख्ख्या काउंटीत असं स्वयंपाकघर उरलेलं नाही, उत्तरा. लोकांनी सगळी फोडून टाकली. तुम्हा लोकांना जुन्याची किंमत आहे.”

उत्तराबाईंच्या डोळ्यांतही पाणी आलं. त्याचं कारण निराळं होतं.

मग लॉइसबाईंनी पुढचं सांगितलं. नुसत्या स्प्रिंगवर गुरूचं पान होणार नव्हतं. पण असलं स्वयंपाकघर असलेलं घर, आणि त्यातला माजी रहिवासी, असं म्हटलं तर समिती नाही म्हणायची नाही. स्वयंपाकघर गुरूला तारून नेईल. निळी गोल पाटी दारावर लागेल: ‘खासनीस हाऊस’. फक्त एका कागदावर सही हवी. पंचवीस वर्षं या खोलीत काहीही बदलायचं नाही.

पंचवीस वर्षं. उत्तराबाईंनी बेरीज केली. तेव्हा त्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होणार होत्या. म्हणजे अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गॅसच्या शेगडीवर पहिली भाकरी फुगवणार. दात असले तर खाणार.

“मी विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या.

लॉइसबाई फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांनी आनंदाच्या भरात गुरुदत्तरावांना मेसेज पाठवलेला असणार, कारण दहाव्या मिनिटाला फोन वाजला.

“अगं, झालं! पाटी लागतेय! तुला मी म्हणत होतो ना, किचन बदलू नको? दूरदृष्टी म्हणतात याला!”

“अहो, उद्या कृष्णा येतोय.”

“कोण कृष्णा?”

“किचनवाला. उद्या नऊ वाजता सगळं काढणार आहे.”

नोव्हायमध्ये गुरुदत्तरावांचा आनंद गोठला. मिशिगनमध्ये मार्चातही गोठतं.

“कॅन्सल कर,” गुरुदत्तराव म्हणाले.

“सामान आलंय. गराजमध्ये आहे. तुमच्या गाडीच्या जागेवर.”

“मी परत येतो! आजच्या फ्लाइटनं येतो!”

“या की. मी डाळ-तांदूळ टाकते. फक्त आज चौसष्टावा दिवस आहे तेवढं बघा. आज आलात तर तुम्ही आजी. मग माजी कोण, आणि पाटी कुणाची?”

मागून ऋताचा आवाज आला, “बाबा, बसा तुम्ही आधी.” आणि मग, जरा आशेनं, “तिकीट बघू का?”

गुरुदत्तराव आले नाहीत. येऊ शकतच नव्हते. पण फोन ठेवण्याआधी ते जे बोलले, ते उत्तराबाईंच्या हिशेबात नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला होता.

“उत्तरा, एक सांगू? आपल्याकडे अजून प्रुइटच्या नावाचं टपाल येतं. ज्याच्याकडून घर घेतलं त्याच्या. मेलाय तो एटी-थ्रीत. बियाण्यांचे कॅटलॉग येतात, चर्चची पत्रं येतात. पोस्टमनला त्याचं नाव पाठ आहे. माझं नाव सत्तेचाळीस वर्षांत या गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही. गुरू म्हणतात. नुसतं गुरू. एकदा कुठेतरी पुरं नाव लागावं, एवढंच होतं बघ.”

उत्तराबाईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि चौथ्या शेगडीवर चहा टाकला. चहा नेहमीसारखा उतू गेला. त्यांनी तिसरा ड्रॉवर उघडला. आपटला नाही. तसाच उघडा ठेवून त्या स्टुलावर बसून राहिल्या. नवरा बिनडोक असता तर सोपं होतं. बायकांना तेवढी सवय असते. तो खरं बोलला की पंचाईत होते. दारावरची पाटी त्याला, आणि पंचवीस वर्षं ही खोली आपल्याला. याच्यात वाटणी बरोबर कुठे आहे? पण मग त्याच्यासाठी काहीच नाही, हेही बरोबर नाही. प्रुइटसाहेबाचं स्वयंपाकघर, प्रुइटसाहेबाचं टपाल, आणि आपण दोघं त्यात भाडेकरूसारखे, चालतंय ना म्हणत.

चहा संपेपर्यंत त्यांचं ठरलं.

सकाळी नऊला कृष्णा आला. सोबत दोन माणसं, हातात पहारी. “आँटी, दो घंटे में सब साफ.”

“तोडना नहीं,” उत्तराबाई म्हणाल्या. “उतारना.”

“मतलब?”

“एकेक कपाट उतारो. ओव्हन उतारो. ओट्याचा तुकडा अख्खा निघाला पाहिजे. सगळ्यावर खडूनं नंबर घालायचे. तिसरा ड्रॉवर मी स्वतः काढणार.”

कृष्णाने नेत्राकडे पाहिलं. नेत्रा ऑफिसची मीटिंग म्यूट करून आली होती. तिने खांदे उडवले. “काकू म्हणतात तसं कर, यार. त्यांचं सत्तेचाळीस वर्षांचं प्लॅनिंग आहे.”

मग उत्तराबाईंनी लॉइसबाईंना फोन लावला. सही नाही, म्हणाल्या. पण तुमच्या टोलघरात मागच्या बाजूला जी खोली आहे, जिच्यात एक चरखा आणि मेणबत्त्यांचा साचा सोडून काही नाही, तिच्यात हे स्वयंपाकघर न्या. अख्खं. हळदीच्या डागासकट. फुकट. पंचवीस का, पाचशे वर्षं त्याला कुणी हात लावू नका. अट एकच. पाटीवर काय लिहायचं ते मी सांगेन.

लॉइसबाई अर्ध्या तासात ट्रक घेऊन आल्या. त्यांना स्वयंपाकघर हवं होतं, आणि त्याच्याबरोबर येणारा तेवीस पानी अर्ज नको होता; देवाने दोन्ही ऐकलं होतं. इकडे घर उघडं पडलेलं, गॅस नाही, पाणी नाही. पाडव्याला उत्तराबाईंनी गुढी उभारली, आणि तळघरात बसून नेत्राने आणलेलं श्रीखंड खाल्लं. इतकं गोड त्यांना कित्येक वर्षांत लागलं नव्हतं.

अकरा एप्रिलला गुरुदत्तराव माजी झाले. बाराला ऋताने त्यांना विमानतळावर तीन तास आधी सोडलं. घरी आले तेव्हा टपालात समितीचं पत्र होतं: अर्जातील घरात आता ऐतिहासिक असं काही उरलेलं नसल्याने विचार करता येत नाही, क्षमस्व. शेजारी प्रुइटसाहेबाचा बियाण्यांचा कॅटलॉग. नव्या स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी पत्र वाचलं. गॅसच्या निळ्या ज्वाळेवर भाकरी टम्म फुगत होती. ते एक शब्द बोलले नाहीत. एक नाही, सलग पावणेतीन महिने, कामापुरतं सोडून.

इथे उत्तराबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. त्यांना राग आला, आणि त्यांनी नवा ड्रॉवर आपटला. ड्रॉवर जोरात निघाला, शेवटच्या चार बोटांवर येऊन थबकला, आणि मग हलकेच, श्वास सोडल्यासारखा, मिटला. त्यांनी पुन्हा आपटला. पुन्हा तेच. कृष्णाने सांगितलं, आँटी, ये सॉफ्ट-क्लोज है, बेस्ट क्वालिटी. इतकी सोय झाली होती, की भांडायची सोय राहिली नव्हती.

चार जुलैला टोलघरात खोलीचं उद्घाटन झालं. बँड वाजला, लॉइसबाई बोलल्या. गुरुदत्तराव मागे, दाराला टेकून उभे. येणारच नव्हते, मोफत आइस्क्रीम आहे म्हणून आले, असं त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं. आत दोरीच्या पलीकडे फिरोजी ओव्हन, पत्र्याची कपाटं, सिंक. ओट्यावर हळदीचा डाग, त्यावर काच. भिंतीवर पितळेची पाटी.

पाटीवर लिहिलं होतं: उत्तरा खासनीस यांनी इथे १९७९ ते २०२६ स्वयंपाक केला. आणि त्याखाली: त्यांचे पती, अभियंते गुरुदत्त वासुदेव खासनीस, यांनी हा ओव्हन चालता ठेवला.

गुरुदत्तरावांनी चष्मा पुसला. वाचलं. जवळ जाऊन पुन्हा वाचलं. पुरं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, पितळेत. समोरून पोस्टमन कुटुंबासह आत आला, त्याने पाटीकडे पाहिलं आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं. जरा अडखळला, पण वाचलं.

त्या क्षणापासून माणूस बदलला. मौन सुटलं, आणि ते सुटायला नको होतं असं वाटायला उत्तराबाईंना दोनच शनिवार पुरले. कारण गुरुदत्तराव म्युझियमचे स्वयंसेवक झाले. दर शनिवारी अकरा ते दोन, छातीवर बिल्ला लावून, ते त्या स्वयंपाकघरापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती देऊ लागले. सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत दोनदा चहा केला होता. पहिल्यांदा ऋता झाली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पहिला कसा झाला होता ते विसरल्यामुळे.

ऑगस्टातल्या एका शनिवारी उत्तराबाई त्यांना आणायला गेल्या. जेवायला नेत्रा येणार होती, आणि दोन वाजून गेले होते. खोलीत दहा-बारा पाहुणे. गुरुदत्तराव रंगात आले होते.

“वी ऑल्वेज बिलिव्ह्ड इन प्रिझर्व्हिंग धिस किचन,” ते म्हणत होते. “माय वाइफ, शी वॉन्टेड टू कीप इट एक्झॅक्टली लाइक धिस. नाऊ, द सीक्रेट ऑफ फोडणी इज द थर्ड कॉइल. यू सी, व्हेन वी कुक...”

वी. दोनदा, उत्तराबाईंनी मनात मोजलं. पाहुण्यांत एक बाई वहीत फोडणीचं रहस्य लिहून घेत होती. तिसऱ्या शेगडीवर, जी कलती होती, जिच्यावर आयुष्यात कधी फोडणी झाली नव्हती.

“यांचं अजून किती वेळ चालेल?” त्यांनी लॉइसबाईंना हळूच विचारलं.

“अजून ओव्हनच्या स्प्रिंगवर आलेला नाही,” लॉइसबाई थकून म्हणाल्या. “स्प्रिंगची वीस मिनिटं.”

उत्तराबाईंनी पर्स लॉइसबाईंच्या हातात दिली, वाकून दोरीखालून पलीकडे गेल्या, आणि शेगडीच्या डावीकडचा तिसरा ड्रॉवर उघडला.

“उत्तरा, प्रदर्शनातल्या वस्तूंना हात...” लॉइसबाई म्हणाल्या.

ड्रॉवर दोनदा आपटला. पत्र्याचा तो जुना, तळघरापर्यंत जाणारा आवाज टोलघराच्या दगडी भिंतींवर घुमला. वहीवाल्या बाईच्या हातातून पेन पडलं.

गुरुदत्तराव वाक्याच्या मध्यात थांबले. छातीवरचा बिल्ला काढून त्यांनी खिशात घातला.

“लेडीज अँड जंटलमेन,” ते म्हणाले, “धिस कन्क्लूड्स द टूर.”